ट्रेनिंग सेंटरमधून न सांगता घरी आलात? पहिल्या तीस दिवसांत काय होतं आणि काय करायचं

मुंब्र्याच्या लष्कर भरती मेळाव्यासाठी कळवा, दिवा, ऐरोली, घणसोली या पट्ट्यातली पोरं वर्ष-वर्ष पळतात. कुणी येऊरच्या चढावर, कुणी खारघरच्या डोंगराकडे, कुणी पहाटे पाम बीच रोडच्या कडेने. नाव यादीत लागलं की चौकात अभिनंदनाचा बॅनर लागतो, घरात पेढे येतात. पुढे सेंटरमध्ये गेल्यावर एखाद्याला ते झेपत नाही, तेव्हा मात्र बोलायला कुणीच नसतं. बॅनरवर फोटो लागलेल्या मुलाने "मला जमत नाही" हे घरी कसं सांगायचं? मग तो कुणालाच सांगत नाही. एके दिवशी सरळ घरी येऊन उभा राहतो.

माझ्या आत्याचा मुलगा अग्निवीर म्हणून गेला होता आणि असाच आला. त्याला परत हजर करेपर्यंतची धावपळ माझ्याकडे होती: कायदा वाचणं, फोन, कागद, पोलीस ठाणं, सोबत प्रवास. त्या दिवसांत शेजारपाजारच्या प्रत्येकाने वेगळा सल्ला दिला आणि त्यातले बरेच सल्ले धोक्याचे होते. म्हणून जे नीट तपासलं आणि जे डोळ्यांनी पाहिलं, ते क्रमाने लिहितो आहे. मी वकील नाही. तुमचं प्रकरण तीस दिवसांच्या पुढे गेलं असेल तर हे वाचून थांबू नका, वकील गाठाच.

इथे लिहिलेलं भूदलाबद्दल आहे. हवाई दलाचा कायदा या बाबतीत जवळजवळ असाच आहे, नौदलाचा १९५७ चा कायदा वेगळा आहे, आणि सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ यांचे आपापले कायदे आहेत. ते यात मिसळू नका.

१. कायदा कधीपासून लागू होतो ते आधी समजून घ्या

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "अजून कसम परेड झाली नाही, म्हणजे तो फौजी नाहीच." हे चूक आहे. आर्मी ॲक्ट १९५० भरतीच्या फॉर्मवर सही करून नाव दाखल झालं की लागू होतो. कसम ही नंतरची पायरी. ट्रेनिंगच्या दुसऱ्या आठवड्यातला रिक्रूटही त्या कायद्याखाली येतो आणि दहा वर्षं नोकरी झालेला हवालदारही.

आता दोन कलमं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवती फिरतं.

कलम ३९: परवानगीशिवाय गैरहजर राहणं, किंवा सुट्टी संपूनही पुरेशा कारणाशिवाय परत न जाणं. सेंटरमध्ये पहिल्याला एडब्ल्यूएल म्हणतात, दुसऱ्याला ओएसएल. शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं कैद.

कलम ३८: फरार होणं, म्हणजे परत न येण्याच्या इराद्याने निघून जाणं. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद. प्रत्यक्ष युद्धसेवेवर असताना किंवा तिचा हुकूम मिळालेला असताना कुणी पळालं तर याच कलमात मृत्युदंडापर्यंतची तरतूद आहे. ट्रेनिंगमधल्या मुलाचा त्याच्याशी सहसा संबंध येत नाही, पण घरात कुणीतरी मोबाइलवर तेवढंच वाचतं आणि आईला रात्रभर झोप लागत नाही. आमच्याकडे तेच झालं.

दोन्हींत फरक इराद्याचा. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या एका निकालात स्पष्ट म्हटलं आहे की प्रत्येक विनापरवानगी गैरहजेरी म्हणजे फरारी नव्हे. तुमचा इरादा काय होता हे ठरतं तुमच्या वागण्यावरून. ओळखपत्र आणि किट तुम्ही कुठे ठेवलं, फोन चालू होता की बंद, सेंटरला कळवलं का, दुसरीकडे कामाला लागलात का, स्वतःहून गेलात की पकडून न्यावं लागलं. खालच्या बहुतेक पायऱ्या हा इरादा स्वच्छ दिसावा यासाठीच आहेत.

२. अजून सेंटरमध्येच असाल तर भिंतीकडे बघण्याआधी हे करा

हा भाग मी मुद्दाम मोठा लिहितोय. मला वाटतं पळून येणाऱ्यांपैकी बऱ्याच मुलांना आतले रस्ते माहीतच नसतात. उस्तादाचा, म्हणजे प्रशिक्षकाचा, धाक एवढा असतो की त्याच्या वरही माणसं आहेत हे ती विसरतात.

*दुखणं असेल तर सिक रिपोर्ट करा.* आमच्या मुलाची नडगी कित्येक दिवस दुखत होती. तो रात्री बॅरेकमध्ये बॅगेतला क्रेप बँडेज घट्ट गुंडाळायचा आणि सकाळी पीटीला उभा राहायचा. एमआय रूममध्ये, म्हणजे सेंटरच्या दवाखान्यात, गेलो तर बॅच मागे पडेल, मित्र पुढे जातील, घरी काय सांगू, ही भीती. ठाण्यात एक्स-रे काढला तेव्हा हाडात केसाएवढी भेग निघाली. हे दुखणं रिक्रूटांमध्ये नेहमीचं आहे, अचानक वाढलेल्या पळण्यामुळे आणि बुटांमुळे होतं, आणि सेंटरचे डॉक्टर ते रोज बघतात. विश्रांती मिळाली असती, बॅच मागे गेली असती. बॅच मागे जाणं, ज्याला तिथे रिलिगेट होणं म्हणतात, त्याने करिअर संपत नाही. एडब्ल्यूएलची नोंद मात्र कागदावर राहते.

*मन लागत नसेल, झोप उडाली असेल, नको ते विचार येत असतील* तर तेही दुखणंच आहे आणि त्याचीही जागा एमआय रूमच. डॉक्टरला हे बोलायची हिंमत होत नसेल तर सेंटरच्या धर्मगुरूंशी बोला. त्यांच्याकडे जायला रँकची भीती आड येत नाही. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. घरच्यांनी हा क्रमांक मुलाला जायच्या आधीच लिहून द्यावा.

*कुणी मारहाण करत असेल, पैसे मागत असेल, छळ होत असेल* तर अर्जी लावा. पद्धत अशी: प्लाटूनच्या उस्तादाला सांगा की कंपनी कमांडर साहेबांचा इंटरव्ह्यू हवा आहे. तक्रार उस्तादाचीच असेल तर सीएचएम (कंपनीचा हवालदार मेजर) किंवा सीनियर जेसीओ (सुभेदार दर्जाचे) साहेबांना सांगा. सैनिक संमेलनात, म्हणजे दरबारात, उभं राहून विचारता येतं. आर्मी ॲक्टच्या कलम २६ प्रमाणे आपल्यावर अन्याय झाला असं वाटणाऱ्या जवानाला वरच्या अधिकाऱ्याकडे तक्रार करण्याचा हक्क आहे. हक्क रिक्रूटलाही आहे.

*घरी खरंच आणीबाणी असेल* तर आपत्कालीन सुट्टी मागा. त्यासाठी घरच्यांनी हॉस्पिटलचे कागद किंवा मृत्यूचा दाखला सेंटरला लगेच पाठवायचा. इथे एक सापळा आहे. "आजी गेली" असा खोटा निरोप पाठवून सुट्टी काढायचा सल्ला सर्रास दिला जातो. पडताळणी होते. खोटं निघालं की गैरहजेरीच्या जोडीला फसवणूक येते आणि पुढे मुलगा खरं बोलला तरी कुणी विश्वास ठेवत नाही.

*आणि हे कामच करायचं नसेल तर* डिस्चार्जसाठी लेखी अर्ज करा. कसम न घेतलेल्या रिक्रूटला सेवेतून सोडण्याचा अधिकार आर्मी रूल्स १९५४ च्या नियम १३ प्रमाणे कमांडिंग ऑफिसरकडे असतो. अग्निवीरांसाठी अट आणखी कडक आहे: चार वर्षं पूर्ण होण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडता येत नाही, फक्त अपवादात्मक परिस्थितीत आणि सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने सोडतात. तसं सोडलं तर सेवा निधीत, म्हणजे शेवटी मिळणाऱ्या एकरकमी रकमेत, स्वतःच्या पगारातून कापलेला भाग व्याजासह मिळतो, सरकारचा हिस्सा मिळत नाही. अर्ज मंजूर होईलच असं नाही आणि वेळ लागतो. तरी अर्ज द्या. अर्जाची तारीख, कुणाकडे दिला, काय उत्तर मिळालं हे स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. पुढे वेळ आलीच तर तुम्ही आधी सरळ मार्ग धरला होता हे सांगायला तेवढा आधार असतो.

घरी येऊन पोस्टाने किंवा व्हॉट्सॲपवर राजीनामा पाठवला म्हणजे नोकरी सुटली, असं काही नसतं. फौजेतून तुम्ही राजीनामा फेकून बाहेर पडत नाही. तुम्हाला सोडावं लागतं.

३. निघून आलात: पहिला दिवस

घरच्यांना सगळं खरं सांगा आणि घरच्यांनी आधी जेवायला घालावं. ओरडायचं असेल तर दुसऱ्या दिवशी ओरडा. भेदरलेला मुलगा घरातूनही निघून जातो.

मग त्याच दिवशी सेंटरला फोन करा. कंपनी ऑफिसचा किंवा ॲडज्युटंट ऑफिसचा नंबर जॉइनिंगच्या कागदांवर असतो, नाहीतर त्याच्या सोबत्यांच्या घरच्यांकडे मिळतो. मुलाला बोलता येत नसेल तर वडिलांनी बोलावं. एवढंच सांगायचं: नाव, आर्मी नंबर, मुलगा घरी सुखरूप पोचला आहे, अमुक कारण आहे, आम्ही त्याला परत हजर करत आहोत. फोनवर वाद घालू नका, कोणत्या उस्तादाने काय केलं ते फोनवर काढू नका. कुणाशी बोललात ते नाव, पद आणि वेळ लिहा. मग तेच चार ओळींत स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा. ईमेल पत्ता असेल तर ईमेलही करा. ठाण्याच्या मुख्य पोस्टातून केलेल्या स्पीड पोस्टची ती छोटी पावती पुढे आमच्या फार कामाला आली.

फोन बंद करू नका, सिम काढून टाकू नका. आणि ओळखपत्र, जे काही किट सोबत आलं असेल ते सगळं एका पिशवीत बाजूला ठेवा. ते सरकारी सामान आहे. गणवेशाचा शर्ट कुणा मित्राला देऊन टाकला, असंही मुलं करतात.

४. तिकडे सेंटरमध्ये काय चालू असतं

हे समजलं की घाई कशासाठी ते कळतं.

संध्याकाळच्या रोल कॉलला मुलगा नाही हे समजतं. आवारात शोध होतो, सोबत्यांची चौकशी होते, त्याची पेटी आणि किट मोजून यादी होते. घरी फोन येतो. त्यानंतर निघतो ॲप्रिहेन्शन रोल, म्हणजे या माणसाला पकडून आमच्याकडे द्या असं नागरी प्रशासनाला लिहिलेलं पत्र. त्यात नाव, घरचा पत्ता, वर्णन, ओळखीच्या खुणा असतात आणि ते त्याच्या मूळ जिल्ह्याच्या पोलिसांकडे येतं. कलम १०५ प्रमाणे अशी लेखी माहिती मिळाल्यावर पोलिसांनी त्याला दंडाधिकाऱ्याचं वॉरंट असल्यासारखंच शोधायचं असतं. शिवाय विनापरवाना प्रवास करणारा किंवा फरार सैनिक असल्याचा वाजवी संशय असेल तर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, मात्र विनाविलंब जवळच्या दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायला हवं.

आपल्याकडे पत्ता महत्त्वाचा. ठाणे, भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हे ठाणे शहर आयुक्तालयात येतं. ऐरोलीपासून पनवेलपर्यंतचा भाग नवी मुंबई आयुक्तालयात. शहापूर, मुरबाड ठाणे ग्रामीणमध्ये. बऱ्याच घरांचं असं असतं की भरतीच्या फॉर्मवर गावचा पत्ता, साताऱ्याचा किंवा जळगावचा, आणि राहणं दिव्यात. मग पोलीस गावी जातात, काका घाबरून "इकडे आलाच नाही" म्हणतात आणि नोंद होते की घरचे माहिती देत नाहीत. म्हणून गावच्या घरी आधीच कळवून ठेवा आणि खरं सांगायला सांगा.

गैरहजेरीचा प्रत्येक दिवस पगारातून कापला जातो. कलम ९१ प्रमाणे त्या दिवसांचा पगार आणि भत्ते मिळत नाहीत.

मग येतो तिसावा दिवस. कलम १०६ प्रमाणे तीस दिवस गैरहजर राहिल्यावर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्कराची चौकशी, बसते. ती दोन गोष्टी ठरवते: माणूस परवानगीशिवाय कधीपासून गैरहजर आहे, आणि सरकारी सामानातलं काय कमी आहे. हे नोंदलं गेलं आणि त्यानंतरही तो स्वतः आला नाही किंवा सापडला नाही, तर कायद्याच्या नजरेत तो फरार मानला जातो. तीस दिवसांच्या आत परत गेलेला आणि नंतर गेलेला, या दोघांच्या कागदात पडणारं अंतर हे असं आहे. इन्क्वायरीनंतर सगळं संपलं असंही नाही. फरारीच्या आरोपावर खटला चालला तरी कलम १३९ प्रमाणे कोर्ट त्याला फक्त गैरहजेरीसाठी दोषी धरू शकतं. पण इरादा नव्हता हे पटवणं मग फार जड जातं.

"तीन वर्षं कुठेतरी काढ, केस आपोआप मरते." हा सल्ला आम्हाला एका भरती अकादमीवाल्याने दिला. कलम १२२ मध्ये खटल्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे खरी, पण फरारीचा गुन्हा त्या मुदतीतून वगळलेला आहे.

५. घरच्यांनी काय करायचं नाही

मुलाला पनवेलच्या मावशीकडे किंवा कोकणात पाठवून देऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम १६४ प्रमाणे फरार सैनिकाला जाणूनबुजून आसरा देणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. सवलत फक्त पती किंवा पत्नीला आहे. आईवडिलांना नाही, भावाला नाही. पळून जायला फूस लावणं किंवा मदत करणं हा कलम १६३ खाली वेगळा गुन्हा. आत्याला हे सांगितलं तेव्हा तिचा विश्वासच बसेना की पोटच्या पोराला घरात ठेवणं गुन्हा कसा ठरेल. घरात ठेवणं आणि परत पाठवायची तयारी करणं वेगळं, दडवणं वेगळं. दारात शिपाई आला तर मुलगा मागच्या खोलीत असताना "नाही" म्हणू नका.

रबाळे, महापेच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला लावू नका, डिलिव्हरीची गाडी घेऊन देऊ नका. "चार पैसे तरी कमवेल" असं वाटतं, पण दुसरीकडे काम धरलं हा परत न जाण्याचा सरळ पुरावा होतो.

कुणी "आतून सेटिंग करून डिस्चार्ज काढून देतो" म्हणाला तर त्याला एक रुपया देऊ नका. अशी माणसं कोर्ट नाक्यापासून वाशीपर्यंत सगळीकडे भेटतात, आणि अडचणीतल्या घराचा वास त्यांना बरोबर लागतो. खोटं मेडिकल सर्टिफिकेटही नको. सेंटरमध्ये लष्कराचे डॉक्टर पुन्हा तपासतात.

६. कागद एका फाइलमध्ये लावा

- भरतीचं पत्र, आर्मी नंबर असलेला कोणताही कागद, ओळखपत्र
- सुट्टीवरून परत गेला नसेल तर सुट्टीचं प्रमाणपत्र
- प्रवासाचं तिकीट, येतानाचं आणि परत जायचं आरक्षण
- आजार असेल तर खरे कागद: केसपेपर, एक्स-रे, तारखेसह. सरकारी रुग्णालयाचे असले तर उत्तम
- घरचं कारण असेल तर त्याचा पुरावा
- स्पीड पोस्टची पावती, ईमेलची प्रत, फोनच्या नोंदीची वही
- सोबत आणलेल्या सामानाची यादी
- आधार, वडिलांचं ओळखपत्र

सगळ्याच्या तीन प्रती. मूळ कागद वडिलांकडे राहू द्या.

सुट्टीवर असताना आजारी पडून अडकलेल्यांसाठी वेगळं सांगतो. सुट्टी संपण्याच्या आत कळवा आणि मुदतवाढ मागा, शक्य असेल तर कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात दाखवा. हलवता येत नसेल तर ज्या रुग्णालयात आहात तिथूनच सेंटरला लेखी कळवा. जुलै २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०८ दिवस उशीर केलेल्या एका शिपायाची बडतर्फी कायम ठेवली. पत्नीच्या आजारपणाचं कारण तो देत होता, पण तिच्या आजाराचे किंवा उपचारांचे कागद त्याला दाखवता आले नाहीत आणि आधीच्या शिक्षाही नावावर होत्या. कारण खरं असणं पुरेसं नसतं, त्याचा कागद लागतो.

७. हजर कसं व्हायचं

सगळ्यात चांगलं म्हणजे थेट आपल्या सेंटरच्या गेटवर. वडील किंवा मोठा भाऊ सोबत जावा. दिवसा पोचा, केस कापलेले, दाढी केलेली, साधे नीट कपडे. गेटवर गार्ड कमांडरला सांगायचं, "मी रिक्रूट अमुक, नंबर अमुक, गैरहजर होतो, हजर व्हायला आलोय." ते आत कळवतात आणि त्याला घेऊन जातात. घरच्यांना बहुधा आत सोडत नाहीत. तिथे गेटवरच हजर होण्याच्या आपल्या अर्जाच्या प्रतीवर तारीख-वेळेची पोच मागा. नम्रपणे मागितली तर मिळते.

सेंटर फार लांब असेल, किंवा वाटेतच पोलीस धरतील अशी भीती असेल, तर जवळच्या लष्करी ठाण्यात हजर होता येतं. आपल्याला कुलाबा जवळचं, नाहीतर देवळाली किंवा पुणे. तेही जमत नसेल तर आपल्या पोलीस ठाण्यात.

इथे एक कागद मागितल्याशिवाय उठायचं नाही: हजर झाल्याचं प्रमाणपत्र. आर्मी ॲक्टच्या कलम १४२ प्रमाणे ज्या लष्करी अधिकाऱ्याकडे किंवा पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे तुम्ही स्वतःला हवाली केलं, त्याने सही केलेलं प्रमाणपत्र खटल्यात पुरावा म्हणून चालतं. त्यात हजर झाल्याची गोष्ट, तारीख, जागा आणि अंगावर कोणते कपडे होते हेसुद्धा असतं. आम्ही आधी पोलीस ठाण्यातच गेलो होतो. ड्यूटीवरच्या अधिकाऱ्यांना असं प्रकरण नवीन होतं, ते म्हणाले, "घेऊन जा ना थेट सेंटरला, आम्ही कशाला?" मी कलमाची प्रत पुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली, वरिष्ठांना दाखवली आणि मग स्टेशन डायरीत नोंद करून लिहून दिलं: स्वतःहून हजर, निळा शर्ट, काळी पँट. "स्वतःहून" हा शब्द त्यात आला आहे ना, हे तिथेच वाचून घ्या. "ताब्यात घेतले" असं लिहिलं असेल तर विनंती करून दुरुस्त करून घ्या.

पोलिसांनी ताब्यात ठेवलं तर दंडाधिकाऱ्यासमोर नेतात आणि पुढे लष्कराचं पथक घ्यायला येतं. त्या वेळी वकील नसेल तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. ठाण्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही आहे. तिथली माणसं माजी सैनिकच असतात, सेंटरशी कोणत्या भाषेत बोलायचं हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. लाज न बाळगता जा.

८. पेशी आणि शिक्षा

परत गेल्यावर आधी गार्ड रूम किंवा कंपनीतच नजरेखाली ठेवतात, वैद्यकीय तपासणी होते, मग कमांडिंग ऑफिसरसमोर (सीओ) पेशी. नियम २२ प्रमाणे आरोपीसमोर आरोप ऐकला जातो, त्याला साक्षीदारांना प्रश्न विचारता येतात आणि आपले साक्षीदार सांगता येतात. फाइल इथे उघडायची. थोडं बोला, तारखांनी बोला.

गैरहजेरी थोडी असेल, पहिलीच असेल, कारण पटण्यासारखं असेल तर सीओ कलम ८० खाली तिथेच निकाल लावू शकतात. त्यात २८ दिवसांपर्यंत लष्करी कोठडी, लाइनमध्ये, म्हणजे बॅरेकच्या आवारात, बंदी, पगारातून दंड अशा शिक्षा आहेत. आमच्या मुलाचं इथेच मिटलं. कोठडी झाली, पायावर उपचार झाले, बॅच मागे गेली.

प्रकरण गंभीर असेल तर समरी कोर्ट मार्शल, म्हणजे सीओंनी स्वतः चालवलेला लष्करी खटला. ते एक वर्षापर्यंत कैद आणि बडतर्फी देऊ शकतं. त्यात मदतीला एक माणूस, वकील किंवा दुसरा कुणी, सोबत ठेवण्याची मुभा नियम १२९ मध्ये आहे. मागितल्याशिवाय कुणी आठवण करून देईलच असं नाही. "गुन्हा कबूल" च्या कागदावर सही करण्याआधी तो कलम ३८ चा आहे की ३९ चा, हे स्वतः वाचा. दोन आकड्यांत चार वर्षांचा फरक आहे. हिंदी-इंग्रजी नीट समजत नसेल तर समजावून द्यायला सांगा.

सीओंना वाटलं की हा मुलगा चांगला सैनिक होण्यासारखा नाही, तर डिस्चार्जही करतात. डिस्चार्ज आणि बडतर्फी एक नव्हे: डिस्चार्ज म्हणजे सेवेतून सोडणं, बडतर्फी म्हणजे शिक्षा म्हणून काढणं. बाहेर आल्यावर हातातल्या कागदावर यातला कोणता शब्द आहे आणि कोणत्या नियमाखाली, हे पाहून घ्या, प्रत जपा.

निकाल मान्य नसेल तर कोर्ट मार्शलविरुद्ध आर्मी ॲक्टच्या कलम १६४ खाली वरिष्ठांकडे अर्ज करता येतो. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. सेवेच्या प्रकरणात अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत जावं लागतं. मुदत जाऊ देऊ नका.

९. पुढच्या नोकरीचे फॉर्म

पोलीस भरती, रेल्वे, महापालिका, कुठेही निवड झाली की साक्षांकन नमुना भरावा लागतो. त्यात आधीची सरकारी नोकरी, बडतर्फी, अटक, शिक्षा यांचे रकाने असतात. चारित्र्य पडताळणीला कागद त्याच पोलीस ठाण्यात येतो जिथे ॲप्रिहेन्शन रोल आला होता. लपवलं आणि सापडलं तर लपवल्याबद्दल नोकरी जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये यावर सविस्तर निकाल दिला आहे आणि खरी माहिती देणाऱ्याचा विचार करण्याची मुभा नोकरी देणाऱ्याला ठेवली आहे. म्हणून रकाना खरा भरा आणि सोबत निकालाची, हजर झाल्याच्या प्रमाणपत्राची आणि डिस्चार्जच्या कागदाची प्रत लावा.

ज्याचं प्रकरण मिटलंच नाही, जो अजून फरार यादीत आहे, त्याने पासपोर्टचा किंवा नोकरीचा अर्ज करण्याआधी पायरी ७ करावी. वर्ष झालं असेल, दोन वर्षं झाली असतील, तरी तीच पायरी, फक्त यावेळी लष्करी प्रकरणं चालवणारा वकील सोबत घेऊन.